पत्रकाची कोरी बाजू

दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आतून आवाज नाही. आमच्या इमारतीत लहानाच्या मोठ्या झालेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी लिफ्टमधून बाहेर पडले आणि पॅसेजमध्येच थांबले. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, खांद्याला पत्रकांची पिशवी. पेढे गपचूप पिशवीत सरकवले. एवढ्यात दारात काकी आली. ओठांवर बोट, आणि हसत होती.

“हळू गो,” ती म्हणाली. “झील निजलो हा.”

झील म्हणजे मुलगा. काकी खूश असली की मालवणीत बोलते, एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी. म्हणजे कुणी गेलं नव्हतं. उलट घरात नवं माणूस आलं होतं, आदल्या दिवशी त्याची पाचवी पुजली होती, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून एवढ्या बायका मुक्यासारख्या बसल्या होत्या. मी पेढे परत बाहेर काढले. ज्याच्यासाठी ते घर कुजबुजत होतं, ते मूल मोठ्याने हाका मारल्या असत्या तरी उठणार नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

काकी माझी सख्खी काकी नव्हे. दिंडोशीच्या या म्हाडाच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर होती. आई-बाबा दोघंही ऑफिसला, म्हणून शाळेतून आले की मी काकीकडे जेवायचे, तिच्या मुलीच्या शेजारी पाट टाकून. आमचं घर बौद्ध. भिंतीवर दोनच फोटो, आणि देव-देवस्की या विषयावर बाबांचं भाषण तयार. काकीच्या घरात देवांना बसायला जागा पुरत नव्हती. मला दोन्ही घरं सवयीची होती. पुढे आम्ही घाटकोपरला गेलो, काकीची मुलगी, माझी मैत्रीण, लग्न होऊन मुलुंडला गेली, आणि आता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजातल्या संघटनेत शिकले: मथळा असा हवा की रस्ता ओलांडणारा माणूस थांबला पाहिजे, एका पत्रकात एकच मागणी, विशेषणं फेकून द्या. आता अंधेरीतल्या एका संस्थेत हेच काम करते. विषय आहे मुलांमधला सेप्सिस. साध्या जंतुसंसर्गाला उत्तर देता देता शरीर स्वतःवरच उलटतं, एकेक अवयव बंद पडायला लागतो, त्याला सेप्सिस म्हणतात. मोठ्या माणसाला आपल्याला काहीतरी होतंय हे बोलता येतं. पाच दिवसांच्या बाळाला येत नाही. जगभरच्या देशांनी एकत्र बसून याविषयी ठराव केला आहे, की प्रत्येक देश हे ओळखेल, वेळेत उपचार देईल, लोकांना सांगेल. ठराव चांगला आहे. ठराव नेहमी चांगलेच असतात. ठरावापासून काकीच्या दारापर्यंत यायला जो रस्ता आहे, त्यावर काय काय गळून पडतं, हे बघायचं असेल तर आमच्या ऑफिसात या, चहा मी देते.

त्या वर्षी आम्ही जे पत्रक काढलं, त्याची भांडणं मी स्वतः भांडले होते. ज्यावरून पत्रक काढायचं त्या जाडजूड मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं: तान्ह्या बाळाला ताप येईलच असं नाही. ते गार पडू शकतं. ते दूध ओढायचं थांबवतं, हलवल्याशिवाय हलत नाही. मी म्हटलं, हे वरती घ्या, मोठ्या अक्षरात. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत, हळू आवाजात बोलतात, म्हणून जास्त राग येतो. ते म्हणाले की पैसे देणाऱ्यांचं धोरण एक संदेश, एक चित्र असं आहे. जन्मल्यापासून शाळा सुटेपर्यंत सगळ्या मुलांसाठी एकच. ताप आला तर घाबरा आणि ताप नसला तरी घाबरा, असं दोन्ही सांगितलं की लोक गोंधळतात. लोक गोंधळतात हे वाक्य मी इतक्या मीटिंगमध्ये ऐकलंय की ते बोलणाऱ्याच्या ओठांवरूनच मला आधी दिसतं. शेवटी पत्रकावर तोंडात थर्मामीटर धरलेला एक शाळकरी मुलगा आला आणि मथळा आला: ‘ताप साधा समजू नका’. मागची बाजू कोरी ठेवली. तान्ह्या बाळांचा मजकूर पुढच्या टप्प्यात येणार होता, तिथे. म्हणजे जागा त्यांची राखून ठेवली होती. फक्त रिकामी.

त्यातला एक गठ्ठा मैत्रिणीला सातवा लागला तेव्हाच मी काकीकडे देऊन आले होते. तिने तो मजल्यावर घरोघरी वाटला. अभिमानाने, आमच्या मुलीने लिहिलंय म्हणून.

तर मी आत गेले. खिडक्या बंद, पंखा बंद. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. ओव्याच्या धुरीचा वास हवेत तसाच उभा होता, त्याला जायला वाटच नव्हती. दुपार कलती झाली होती, तरी खोलीत समईचाच उजेड. शेजारपाजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, सगळ्यांच्या वरच्या ओठावर घाम. कुणी बोललं तर दुसरीच्या कानात, आणि हसायचं झालं तर खांदे हलायचे, आवाज नाही. आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसल्यासारखं वाटत होतं. मैत्रीण कॉटवर उशांना टेकून बसली होती. मला बघून तिने हात उचलला आणि अर्ध्यावरच खाली ठेवला. तिच्या शेजारी दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं ते.

आणि जमिनीवर तो पाट.

पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, असं मानतात. म्हणून तिच्यासाठी पाटावर तांदूळ, विडा, सुपारी, दिवा मांडतात, जवळ विळा ठेवतात, आणि एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. तिने जे लिहिलं ते आपल्याला वाचता येत नाही. सकाळी कागद कोराच असतो. लहानपणी मला ही गोष्ट फार भीतीची वाटायची. देवी येते याची भीती नाही. लिहिलेलं असतं आणि दिसत नाही, याची.

पाटावरचा कागद मी ओळखला. माझंच पत्रक होतं, पालथं. कोरी बाजू वर, त्यावर निळं बॉलपेन आणि चिमूटभर कुंकू. कागद पातळ, आमच्याकडे नेहमीच पातळ छापतात. त्यामुळे पलीकडचा मजकूर उलटा, फिकट दिसत होता. थर्मामीटर चोखणारा तो मुलगा उलट्या बाजूने समईकडे बघत होता.

काकीने माझी नजर पकडली आणि कानाशी येऊन सांगितलं की घरात सगळे कागद रेघांचे नाहीतर लिहिलेले, एवढा स्वच्छ कोरा हाच मिळाला. “देवीला काय रेघांचा द्यायचा?”

मी विचारलं, पाट अजून उचलला का नाही? तर त्यांच्या घरची रीत अशी की पाट उचलायचा मान घरातल्या मोठ्या आत्याचा. ती मनोरीला राहते. सकाळीच यायची होती, पण मार्व्याला येणारी बोट भरतीची वाट बघत अडकली होती, असा फोन आला होता. आणि पाट उचलेपर्यंत बाळाला मुद्दाम उठवायचं नाही. सटवाई त्याच्याशी खेळत असते. झोपेत हसलं तर तिने हसवलं, ओठ काढले तर तिने चिडवलं. मध्येच उठवलं तर तिचा हात हलतो आणि लिहिलेलं बिघडतं. हे सगळं काकीने इतक्या साध्या सुरात सांगितलं, जसं गॅसचा नंबर लावलाय, दुपारपर्यंत येईल.

“आणि बघ ना किती शाणा,” ती म्हणाली. “काल संध्याकाळपासून रडणं नाही की काही नाही.”

भिंतीशी बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. किती गुणी बाळ. आमचं तर रात्रभर नाचवायचं. नशीबवान आहे गं पोर, पहिलंच असं मिळालं. सगळं कुजबुजत. मैत्रीण हसली. ते हसणं मला शाळेपासून माहीत होतं. पेपर कोरा देऊन बाहेर आली की ती असंच हसायची.

आमच्याकडे नवं बाळ बघायला गेलं की त्याच्या मुठीत नोट देतात. बाळाच्या तळहाताला काही लागलं की ते मूठ आवळतं, सगळ्यांना गंमत वाटते, म्हणतात की हा चिक्कू निघणार, सोडत नाही. समोरच्या फ्लॅटमधली, म्हणजे आता आमच्या जुन्या घरात राहणारी बाई उठली. तिने दुपट्यातून बाळाचा हात हलकेच बाहेर काढला, बोटं उघडली, नोट ठेवली, बोटं मिटवली आणि हात काढला. बोटं उघडली. नोट सरकत दुपट्यावर पडली.

खांदे हलले. त्या बाईने पुन्हा ठेवली. पुन्हा पडली.

“साधू आलाय गं तुमच्या घरी,” ती म्हणाली. “याला पैसाच नको.”

परत सगळ्यांचे खांदे हलले, परत आवाज नाही. मैत्रीण हसली नाही. ती त्या पडलेल्या नोटेकडे बघत होती.

मी जवळ गेले. बाळाच्या गालावर काजळाची तीट होती. ओठांभोवतीचा रंग मला कळेना. तीट काळीभोर म्हणून बाकीचा चेहरा राखेसारखा दिसतोय की खरंच तसा आहे? ओठांचा एक कोपरा किंचित वर होता. कुणीतरी मागून पुटपुटलं, बघ हसतोय, ती खेळवतेय. मी त्याच्या तळहातात माझं बोट घातलं. वाट बघितली. काहीच झालं नाही. रबराचा हातमोजा धरल्यासारखं. मग मी खालून दुपटं सैल केलं, पायातला लोकरीचा मोजा ओढला आणि पाऊल हातात घेतलं.

त्या खोलीत आम्ही सगळ्या घामाने निथळत होतो. ते पाऊल गार होतं. फ्रीजमधून काढलेल्या वाटीसारखं नाही. दिवसभर बंद घरातल्या फरशीसारखं. मी तळव्यावर नख फिरवलं. त्याने पाय मागे घेतला नाही.

“हा गार आहे,” मी म्हणाले. नेहमीच्या आवाजात म्हणाले. त्या खोलीत तो आवाज ताट पडल्यासारखा झाला. बायकांनी दचकून बाळाकडे पाहिलं, उठलं की काय म्हणून. बाळ उठलं नाही.

काकीने मला दंडाला धरून बाजूला घेतलं. ती चिडली नव्हती, समजूत घालत होती. “गार म्हणजे बरंच ना? मी सकाळी काखेत थर्मामीटर लावला. ताप नाही. रात्रीपण लावला होता. तूच लिहिलंयस ना, ताप साधा समजू नका. मी बघतेय गं लक्ष देऊन.”

तिने पाटाकडे बोट केलं. माझ्याविरुद्ध माझाच पुरावा.

माझ्या धंद्यात लोक पत्रक वाचत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. त्यावर मीटिंगा होतात. इथे एका बाईने पत्रक वाचलं होतं, नीट वाचलं होतं, सांगितलं तसं दोनदा केलं होतं, आणि त्याच भरवशावर नातवाला निजू दिलं होतं. अजून मला हे कुणाला तोंडावर सांगायचं झालं की मी भांडल्यासारखी बोलते.

“काकी, तो कागद चुकीचा आहे.”

“मग वाटलास कशाला गं?” समोरच्या फ्लॅटमधली म्हणाली.

मी मैत्रिणीकडे बघत होते. विचारलं, “प्यायला कधी शेवटचं?”

तिने काकीकडे बघितलं. मग म्हणाली, “आई, हा पहाटेपासून ओढतच नाहीये. तोंडात देते, तो तसाच राहतो. माझा गाऊन भिजतोय नुसता.”

“अगं मग बोलली का नाहीस?” काकी म्हणाली.

“सगळे म्हणत होते ना, शहाणा आहे.”

कुणाचेच खांदे हलले नाहीत. मी म्हणाले, हॉस्पिटल. आत्ता. कपडे बदलू नकोस, त्याला उघडा छातीशी धर, वरून शाल घे. बोलता बोलता मी रिक्षासाठी फोन काढला. मैत्रीण उठायला लागली आणि तिथेच थांबली. कॉट आणि दार यांच्या मधोमध तो पाट होता. समई, विळा, तांदूळ, माझं पालथं पत्रक. खोली एवढीशी, ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येत नव्हतं, आणि पाट ओलांडायचा नसतो.

काकी पाटासमोर उभी राहिली. मला वाटलं आता आत्याची बोट, मान, रीत हे सगळं येणार, आणि मी उत्तरं जुळवायला लागले. बाबांचं अख्खं भाषण घशाशी आलं. पण काकीने वाद घातला नाही. तिने मला खरंच विचारलं, जसं एखाद्याला रस्ता विचारतात. कपाळावरचा घाम न पुसता, हळू.

“तिचं लिहून झालं नसेल तर?”

आमच्या घरात तो प्रश्नच नाही. मी तिच्याकडे बघितलं, मग त्या कोऱ्या कागदाकडे. का कुणास ठाऊक, मला एका क्षणी खात्री वाटली की त्यावर काहीतरी लिहिलेलं आहे, आणि ते मला वाचता आलं तर वाट लागेल.

“मग अर्धंच लिहू दे तिला,” मी म्हणाले. “बाकीचं आपण बघू.”

काकीने डोळे मिटले, पाटाला हात लावून कपाळाला लावला आणि समईसकट पाट उचलला. तांदूळ सांडले. पेन घरंगळत कॉटखाली गेलं. कुणी उचललं नाही.

रिक्षात मैत्रीण मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. शालीच्या आत हात घालून मी त्याचा तळवा धरून ठेवला होता आणि नखाने खाजवत होते. हायवेला नेहमीसारखी गाड्यांची रांग, हॉर्न, कुठल्यातरी मंडळाचा स्पीकर. इतक्या वेळाने आवाज कानात आला आणि मला एकदम रडूच यायला लागलं. बाळ मात्र त्या गोंगाटात तसंच. काकी आमच्या कुणाकडे बघत नव्हती. तिच्या ओठांची हालचाल चालू होती. ती प्रार्थना करतेय असं मला वाटलं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ऐकू आलं. ती म्हणत होती, रड रे, रड रे, रड रे बाबा.

हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमनने विचारलं, ताप आहे का? केसपेपरच्या खिडकीत विचारलं, ताप कधीपासून? मैत्रीण म्हणाली, ताप नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, मग ओपीडी सकाळी. मी तिथे जे बोलले ते छापण्यासारखं नाही, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. पण त्या माणसाच्या मागच्या भिंतीवर बघितलं तर आमचंच पोस्टर. मोठ्या आकाराचं. थर्मामीटरवाला तो मुलगा तिथेही होता, या वेळी सुलटा. मला वाटायला लागलं की हा आमच्या मागे मागे येतोय.

आत नेलं ते एका डॉक्टरने, माझ्याच वयाची असेल. तिने काही विचारलं नाही. शालीत हात घातला, बाळाच्या छातीवर बोट दाबून सोडलं, रंग परत यायला लागणारा वेळ बघितला, आणि चालायलाच लागली. चालता चालता मैत्रिणीला म्हणाली, सेप्सिस वाटतंय. हा शब्द मी रोज लिहिते. मथळ्यात, तळटीपेत, ईमेलच्या विषयात. त्या पॅसेजमध्ये तो ऐकला तेव्हा, आपण इतके दिवस ज्याचं नाव घेत होतो तो स्वतःच येऊन शेजारी उभा राहिल्यासारखं वाटलं.

दार बंद झालं. नंतर डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिने एकच विचारलं, ताप नव्हता तर आणायचं कसं सुचलं?

“त्याने नोट धरली नाही,” मैत्रीण म्हणाली.

पुढचे दिवस मी फार सांगणार नाही. काचेच्या पेटीत तो, नळ्या, आणि बाहेर बाकावर आम्ही. तो काहीच करत नव्हता. त्याच्यासाठी जे करायचं ते पेटी करत होती. काकी मनोरीच्या आत्याची वाट बघत होती, शिव्या खायच्या तयारीने. आत्या आली, पाट कुणी उचलला ते विचारलं. काकीने सांगितलं, मी. आत्याने पिशवीतून बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, आणि भाताचा डबा काढला आणि काकीच्या शेजारी बसून राहिली.

एका दुपारी सिस्टर पेटीतली सुई बदलत होती. काचेच्या पलीकडे बाळाचं तोंड उघडलेलं दिसलं. आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता. लाल झालेला चेहरा, ताणलेल्या शिरा, उघडं तोंड आणि शांतता. मला वाटलं झालं, संपलं. काकीने माझ्या हाताला इतकं घट्ट धरलं की वळ उठले. मग सिस्टरने दार उघडलं आणि ते रडणं बाहेर आलं. आत्या म्हणाली, कावळ्यासारखा ओरडतोय. आम्ही तिघी त्या पॅसेजमध्ये आवाज काढून हसलो. वॉचमन येऊन ओरडून गेला.

मी ऑफिसात गेले. जे झालं ते मीटिंगमध्ये सांगितलं, उभं राहून सांगितलं. साहेबांचे डोळे खरंच ओले झाले. मग त्यांनी विचारलं, कुटुंब फोटोला तयार होईल का? अहवालासाठी छान गोष्ट आहे. मी म्हटलं, पत्रक बदला. ते म्हणाले की पुढच्या टप्प्याची मंजुरी वरून यायची आहे, आणि मधल्या काळात आपण वेगळं काही छापलं तर संदेशात फरक पडेल. संदेशात फरक पडावा म्हणूनच मी ओरडत होते. वर म्हणजे कुठे, असं मी विचारलं. त्यांनी खरोखर छताकडे बघितलं. या लोकांनाही कुणीतरी अदृश्य बाई येऊन लिहून जाते असंच वाटत असणार. ती लिहीपर्यंत बाळांना उठवायचं नाही.

उरलेले गठ्ठे गोदामात पडून होते. मी उचलून घरी आणले. कुणाला विचारलं नाही. नोकरीवरून काढतील तेव्हा काढतील.

आता सुट्टीच्या दिवशी मी काकीकडे जाते, मैत्रीणही मुलुंडहून बाळाला घेऊन येते, आणि आम्ही जमिनीवर बसून पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मार्करने लिहितो. मजकूर माझा, अक्षर मैत्रिणीचं चांगलं. ‘बाळ गार लागतंय? दूध ओढत नाही? हलवल्याशिवाय हलत नाही? फारच शांत आहे? थांबू नका. ताप नसला तरी.’ एवढंच. छापील बाजूपेक्षा वाचायला सोपं आहे आणि कुणी गोंधळलेलं मला अजून भेटलं नाही.

काकी घड्या घालते. मागच्या वेळी घडी घालता घालता तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, “सगळी बाजू भरू नको गो. थोडी जागा सोड.”

“कुणासाठी?”

ती पुढच्या कागदाची घडी घालायला लागली. मी वाद घालणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात आम्हा तिघींच्याही लक्षात आलं की आतल्या खोलीतून बराच वेळ काही आवाज नाही. मघापर्यंत हुंकार, पाय आपटणं, खुळखुळा, काहीतरी चालू होतं. आता पंख्याची घरघर तेवढी. मैत्रिणीच्या हातातला मार्कर कागदावरच टेकून राहिला, शाई पसरत गेली.

आम्ही एकदमच उठलो. कुणी कुणाला काही म्हणालं नाही.

तो दुपट्यावर पडला होता, हात डोक्याशी, डोळे मिटलेले. ओठांचा एक कोपरा वर गेला होता. झोपेत हसत होता. यावर काकी काय म्हणणार ते मला पाठ होतं. ती ते म्हणाली नाही. खाली वाकली आणि तिने त्याच्या तळव्यावर नख फिरवलं.

पाय झटकन मागे गेला. कपाळाला आठ्या पडल्या, आणि झोपमोड केली म्हणून त्याने असं भोकाड पसरलं की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. कुणीतरी विचारलं, काय झालं एवढं रडायला? त्याला कुणी उचललं नाही, कुणी गप्प केलं नाही. आम्ही उभ्या राहून ऐकत होतो.